एकदा विचारून भागत नाही, मन्मथ

तुझ्या शोकसभेत पहिली खोटी गोष्ट सांगितली गेली, तेव्हा फोटोवरच्या हाराची फुले अजून सुकलीही नव्हती. एक वक्ता म्हणाला, मन्मथअप्पांनी एका वेडसर पोराला पदरी घेतले. दुसरा त्याच्यावर ताण करायला उठला. म्हणाला, वेडसर कसला, त्याचे डोके संगणकासारखे चालते, अप्पांची नजरच पारखी. शोकसभेत टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून लोकांनी माना डोलावल्या. दत्ता मागच्या रांगेत दाराला लागून बसला होता. कानांत कापूस होता. पण कापसाने शब्द अडत नाहीत, फक्त त्यांची धार कमी होते, असे त्यानेच एकदा सांगितले होते.

दत्ता वेडसर नाही. त्याचे डोके संगणकासारखेही चालत नाही. तुझ्या दुकानात कामाला असलेल्या इतर माणसांइतकाच तो चुकतो. ही दुरुस्ती मी तिथे उभा राहून करायला हवी होती, असे तू म्हणाला असतास. नाही केली. सभेत दुरुस्ती केली की तीही भाषण होते.

तुझा जन्म, शिक्षण, समाजकार्य, मागे कोण कोण आहे, हे सगळे आमच्या पेपरच्या अंकात छापून आले आहे. मीच लिहून दिले. इथे मला आपले राहिलेले भांडण पुढे न्यायचे आहे. तू उत्तर देणार नाहीस, हे मला सोयीचे आहे. म्हणून माझ्या बाजूकडेही वाचणाऱ्याने जरा संशयानेच पाहावे.

तू दुचाकीची एजन्सी घेतलीस ते दिवस आठव. परळीत तेव्हा जो तो कशाची तरी एजन्सी घेत होता. शेजारच्या शिंप्याने मशीन विकून एसटीडी बूथ टाकला होता. समोर केबलवाला आला होता. स्टेशन रोडवरच्या तुझ्या दुकानात तोवर ऑइल इंजिनचे आणि सायकलचे पार्ट मिळत. सकाळी काउंटर पुसला की दुपारी त्यावर साचलेल्या वीजकेंद्राच्या राखेत बोटाने नाव लिहिता येई. नव्या गाड्या आल्या आणि तू त्यांच्यावर चादरी घातल्यास. त्याच सुमारास सिरसाळ्याहून दत्ता आला. तिशीच्या आतला, बारावीपर्यंत शिकलेला. आधी दोन ठिकाणची नोकरी गेलेली. कारण दोन्हीकडे एकच सांगितले गेले होते: उद्धट आहे, गिऱ्हाईकाकडे बघत नाही.

पहिल्याच आठवड्यात रशीद मिस्त्रीने ग्राइंडर चालू केला आणि दत्ताच्या हातातला बेअरिंगचा खोका खाली पडला. तो कान दाबून काउंटरखाली जाऊन बसला. गिऱ्हाईक हसले. मीही तिथे चहा पीत बसलो होतो. तू आता त्याला हिशोब देऊन वाटेला लावणार, असे मला वाटले. तू ग्राइंडर बंद करायला लावलास. मग खाली वाकलास, पण अगदी जवळ गेला नाहीस.

"काय लागतंय रे तुला, दत्ता?"

उत्तराला इतका वेळ लागला की माझा चहा संपला. तू वाकलेलाच होतास.

"आवाज नको," तो म्हणाला. "आन तोंडं लई येत्यात."

ग्राइंडर मागच्या अंगणात गेला. सुतार आला. पार्टच्या खोलीपुढे तू फळ्यांची भिंत घातलीस आणि तिला कमरेच्या उंचीवर एक खिडकी ठेवलीस. गिऱ्हाईकाने आपला तुटका पार्ट खिडकीत ठेवायचा, आतून तसाच नवा बाहेर यायचा. आतल्याला फक्त हात दिसत. कुणी वाकून आत डोकावू लागला की रशीद मिस्त्री मागून ओरडे, "ओ भाऊ, पार्ट दिखाओ, थोबडा नक्को!" गावाला या खिडकीची आठवड्याभरात सवय झाली.

माझे मात्र समाधान झाले नाही. रुग्णालयात फळे वाटणारा आधी फोटोग्राफर आला का ते बघतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो होतो. तू व्यापारी. व्यापारी माणूस एका नोकरासाठी भिंत उभी करतो, त्याचे काम बदलायचे असेल तर आदल्या दिवशी सांगतो, एका वेळी एकच काम देतो, खंडेनवमीची हलगी दुकानासमोर न वाजवता चौकात वाजवायला लावतो. यात तुझे काय होते? पगार कमी देतोस का, ते पाहिले. इतरांइतकाच होता. नात्यात आहे का, ते पाहिले. नव्हता. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार आहेस का, तेही काढले. मग कुणीतरी सांगितले की तू सिरसाळ्याला दत्ताच्या घरी जाऊन आलास आणि त्यांची जमीन रस्त्याला लागून आहे. रस्त्याकडेच्या जमिनींना तेव्हा पाय फुटले होते. मला बातमी सापडल्यासारखे झाले.

मी सिरसाळ्याला गेलो होतो, हे तुला मी कधी सांगितले नाही. तुला ते माहीत होते, हे तूही सांगितले नाहीस.

दत्ताची आई गिरजाबाई शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितले, पेपरचे नाव सांगितले.

"कावून इचारायलाव?" ती म्हणाली. "काय केलं त्यानं?"

"काही नाही. अप्पा जमिनीचं काही बोलले का?"

"कंच्या जमिनीचं? आमच्या रानात दगडं हायत. तुमाला पायजेत का? घिऊन जा."

"मग अप्पा आले होते तेव्हा काय बोलले?"

"लई इचारलं बाबा. काय खातो, काय खात न्हाई, कशाला भितो, चिडल्यावर काय करावं. म्या म्हनलं, पोरगी बघाय आल्यासारखं कावून इचारायलाव? तर म्हनले, माय, नवी गाडी घेताना बी पुस्तक वाचावं लागतंय." ती हसली नाही. माझ्याकडे बघत शेंग फोडली. "तुमी काय इचारायला आलाव, ते खरं सांगा."

तिचा माझ्यावरचा संशय माझ्या तुझ्यावरच्या संशयापेक्षा पक्का होता. मी पाणी पिऊन उठलो.

त्यानंतरही मी तुला सोडले नाही. एकदा तोंडावरच विचारले, यात तुझा फायदा काय? तू टायरचा भाव सांगावा तसे उत्तर दिलेस. "मशीनला तेल घालतो. ते काय मशीन लई गुणी हाय म्हणून घालतो का बे? चालावं म्हणून घालतो." मी म्हणालो, दत्ता मशीन नाही. तू म्हणालास, "मग तेल तर जास्तीच लागंल की." उत्तर चांगले होते. चांगल्या उत्तरांवर मी विश्वास ठेवत नाही.

मग मी लेख लिहिला. तुझे नाव घातले नव्हते, फक्त एक दुकान, एक खिडकी आणि आत बसणारा एक माणूस. इतर दुकानदारांनी वाचावा, त्यांच्याकडच्या एखाद्या दत्ताची नोकरी वाचावी, हा हेतू. निदान हेतू तसा आहे, असे मी स्वतःला सांगितले. तुला वाचून दाखवला. तू कागद माझ्या हातात परत दिलास.

"छापू नको."

"का? चांगली गोष्ट लोकांना कळू नये?"

"छापलंस की लोकं बघाय येतील. खिडकीतून वाकून बघतील. म्हणजे पुन्हा तोंडं."

"मग निदान दुकानाच्या नियमांत तरी लिही. उद्या तू नसलास तर?"

"लिहून ठिवलं की लोकं वाचत्यात. वाचलं की हसत्यात. तू तुझ्या पेपरात दुसरं लिही बे पाहिजे ते, माझ्या भिंतीवर नको."

हे आपले भांडण कधीच मिटले नाही. माझे म्हणणे होते की एका माणसाच्या मर्जीवर दुसऱ्याची भाकरी उभी राहू नये. तुझे म्हणणे होते की कागदावर आलेली मर्जी शिळी होते. लेख मी छापला नाही. तुझा मान राखला म्हणून नाही. तुझे कारण खोडता आले नाही म्हणून.

पण एका बाबतीत तू चुकलास. ते लिहिले पाहिजे, कारण शोकसभेत तुला चुकायला कुणी जागाच ठेवली नाही.

तू सगळ्या दुकानाला बजावले होते, दत्ताशी गरजेशिवाय बोलायचे नाही. तुझी माणसे हुकूम पाळणारी. ती अशी पाळू लागली की दत्ता आला काय आणि गेला काय, कुणी मान वर करेना. तो फळीमागे एकटा जेवू लागला. मी तुला म्हणालो, तू त्याला कोंडलंस. तू भडकलास.

"त्यालाच पायजे तसं हाय. म्या इचारलंय त्याला."

"कधी?"

"आला तवाच."

त्या उन्हाळ्यात एका दुपारी दत्ता डबा घेऊन खोलीतून बाहेर आला आणि सरळ मागच्या अंगणात गेला. तिथे रशीद मिस्त्रीचा ग्राइंडर फिरत होता, ठिणग्या उडत होत्या. दत्ताने कानांत कापूस कोंबला आणि मिस्त्रीशेजारी पोत्यावर बसून डबा उघडला. मिस्त्रीने घाबरून मशीन बंद केले. तू धावत आलास. मागोमाग मी.

"आरं, हितं लई आवाज हाय. आत जा, आत जा."

"आत कुनी न्हाई," दत्ता म्हणाला.

तू काही बोलणार होतास. मिस्त्रीने हाताने थांबवले. आपण तिघे उभे राहिलो. दत्ताने भाकरीचा एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. मग डब्याकडे बघत म्हणाला, "गिऱ्हाईक नको म्हनलो व्हतो. तुमी सगळेच बंद झालाव."

रशीद मिस्त्री तुझ्याकडे बघून म्हणाला, "अप्पा, आप तो पूरा शटरच गिरा दिये."

तू पोत्यावर बसलास आणि दत्ताच्या डब्यातली मिरची उचललीस. तिखट होती. तुझ्या डोळ्यांत पाणी आले ते मिरचीनेच, अशी माझ्याकडे नोंद आहे.

तुझ्यावर संशय घेत असताना एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. दत्ताबद्दल मी गावभर विचारले, त्याच्या आईला विचारले. दत्ताला विचारले नव्हते. तू निदान एकदा तरी विचारले होतेस. त्यानंतर तू दर सोमवारी वैजनाथाचे दर्शन घेऊन आलास की फळीशी उभा राहून विचारू लागलास, "दत्ता, आता काय बोचतंय?" कधी उत्तर येई, "ट्यूबलाइट फडफडायलीय." कधी, "काय न्हाई." कधी उत्तरच येत नसे आणि मंगळवारी येई. टायरमधली हवा बघावी तसे तू ते बघायचास. मला तो कोरडेपणा आवडला. दयेपेक्षा कोरडेपणा टिकतो.

मग पुण्याहून कंपनीचा अधिकारी आला. टाय, ब्रीफकेस, पायांना राख लागू नये म्हणून उड्या मारत चाललेला. त्याने शोरूम पाहिले, चादरी काढायला लावल्या आणि फळीपुढे येऊन थांबला.

"हे काय? ग्राहकाला हसरा चेहरा दिसला पाहिजे. कंपनीचं धोरण आहे."

"सायेब, आमच्याकडं गिऱ्हाईक तोंड बघाय येत न्हाई, पार्ट घ्यायला येतंय."

"ही भिंत काढावी लागेल. नाहीतर मला अहवालात लिहावं लागेल."

मी तुझ्याकडे पाहिले. एजन्सीसाठी तू घरातले सोने मोडले होतेस, हे मला माहीत होते. आता कळेल, असे मला वाटले. खरे सांगतो, मला जरा उत्सुकताच होती. तू हात जोडलेस आणि आवाज खाली आणलास.

"सायेब, ती खिडकी वास्तूची हाय. बुजवली की बरकत जाती. आमच्या गुरूंनी सांगितलंय."

अधिकारी तत्काळ गंभीर झाला. "असं होय! मग राहू द्या. दर्शनी बाजूला एक काचेचा काउंटर घ्या फक्त." जाताना त्याने त्या गुरूंचा पत्ताही मागितला.

तो गेल्यावर मी तुझ्याशी कडाकडा भांडलो. माणसाची गरज सांगायला लाज वाटली आणि वास्तूचे नाव सांगायला नाही वाटली? तू चहा बशीत ओतलास. "खरं सांगितलं आसतं तर त्यानं आधी वाकून आत बघितलं आसतं."

पण मन्मथ, ती थाप तुझ्यापेक्षा जास्त जगली. तुझा शिवकुमार तेव्हा पुण्यात शिकत होता. परत आल्यावर त्याने खिडकीचे विचारले, तेव्हा तू स्वतःच्या मुलालाही तेच सांगितलेस. वाद नको म्हणून, हे मी समजतो. आता परिणाम ऐक. घरचे विधी आटोपल्यावर शिवकुमारने लातूरहून वास्तुवाला आणला. त्याने होकायंत्र फिरवले आणि निकाल दिला, या खिडकीत गुणही नाही, दोषही नाही, खुशाल पाडा. पुढचा सगळा भाग काचेचा करायचे ठरले.

मी दुकानात जाऊन शिवकुमारला खरे कारण सांगितले. मुलगा वाईट नाही, हे मी तुला सांगायला नको.

"आधी सांगायचं ना, काका. मग दत्ताला गोडाऊनला देऊ की. शांत आहे एकदम. कुणी येत नाही, जात नाही. दत्ता आपल्या घरचाच आहे."

घरचाच आहे, हे वाक्य ऐकले की मी सावध होतो. घरच्याला कुणी काही विचारत नाही.

"त्याला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं?" तरी माझ्यासाठी म्हणून त्याने फळीकडे तोंड करून हाक मारली. "दत्ता, गोडाऊनला जाशील ना? मस्त शांत आहे तिथं."

"बरं," आतून आवाज आला.

"बघा," शिवकुमार म्हणाला.

असे प्रश्न मी पुढाऱ्यांना खूप विचारले आहेत. उत्तर प्रश्नातच भरून द्यायचे आणि समोरच्याने मान हलवली की बातमी तयार. मी शिवकुमारला म्हणालो, असे नको. काय हवे ते विचार आणि गप्प उभा राहा. तो वैतागला, पण फळीशी गेला. "काय पाहिजे तुला, दत्ता?"

रस्त्यावरून राखेचे ट्रक गेले. टेलिफोन वाजू लागला. शिवकुमारने हात पुढे केला, तेवढ्यात रशीद मिस्त्रीने रिसीव्हर उचलून बाजूला ठेवून दिला. "ठहरो शिवू सेठ. अप्पा ठहरते थे."

आम्ही थांबलो. मग दत्ता बोलला. आवाज नेहमीसारखाच सपाट होता.

"गोडाऊनला कुनी न्हाई. फळी ऱ्हाऊ द्या, काच तुमी तिकडं लावा." आम्हाला वाटले, संपले. "आन अप्पाच्या मातीला मला कुनी इचारलं न्हाई. भजन हाय, वाजंत्री हाय म्हनून हितंच ठिवलं. म्या कापूस घालून आलो आसतो."

तुझी शेवटची मिरवणूक निघाली तेव्हा दत्ताला त्रास नको, त्याला दुकानातच राहू द्या, असे सांगणारा कोण होता, ते मी शोधून काढलेले नाही. तिथे असलेले कुणीही असू शकते. मीही तिथे होतो. सगळ्यांनी ते प्रेमानेच केले असणार.

शिवकुमार काउंटरकडे वळला. पुण्याला शिकलेला, टाय बांधता येणारा तुझा मुलगा. मग त्याने जीपची किल्ली घेतली. "आत्ता जायचं का?" त्याने विचारले, आणि या वेळी कुणी न सांगता थांबला.

दत्ता चपला घालून बाहेर आला. आम्ही तिघे जीपने, तुला माती दिली त्या रुद्रभूमीवर गेलो. फाटकाशी गाडी थांबली. शिवकुमारने इंजिन बंद केले. "मी येऊ का आत?"

दत्ताने कानांतला कापूस काढून खिशात ठेवला. तिथे आवाज नव्हता.

"भाईर थांबा," तो म्हणाला.

शिवकुमारचा चेहरा क्षणभर उतरला. आत त्याचाच बाप होता. पण तो थांबला. जीपला टेकून उभा राहिला आणि काही वेळाने म्हणाला, "काका, त्या फळीला रंग द्यावा लागेल. जुनी झालीय."

मन्मथ, या वाक्यावर मी अजून विश्वास ठेवलेला नाही. दुःखात माणूस बरेच काही बोलतो, आणि काचेची ऑर्डर लातूरला गेलेली आहे. फळीला रंग लागलेला दिसेपर्यंत मी दुकानात चहाला जात राहणार आहे. रंग लागल्यानंतरही जाईन.

दत्ता आत बराच वेळ होता. किती वेळ, ते आम्ही पाहिले नाही. आम्ही दोघेही रस्त्याकडे तोंड करून उभे होतो.